बरोबरीत न सोडवलेली कुस्ती

मी कॉलेजात कुस्ती शिकवतो असं कुणाला सांगितलं की तो आधी माझे कान बघतो. कान मोडलेले नसतील तर पैलवान खोटा, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझा डावा कान मोडलेला आहे, उजवा शाबूत आहे. त्यामुळे समोरच्याचा अर्धा विश्वास बसतो आणि तो पुढचा प्रश्न विचारतो, "पण सर, कॉलेजात कुस्तीचं शिकवायचं काय असतं?"

उत्तर देतो. डाव शिकवणं हा माझ्या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. डाव हल्ली पोरं मोबाईलवर बघून येतात, इराणच्या पैलवानांचेसुद्धा. बाकीचं काम असं: सकाळी सगळ्यांना उजेडात उभं करून कुणाच्या मानेवर नायटा उठलाय ते बघायचं आणि ज्याला उठलाय त्याला घरी पाठवायचं, कारण एकाचा नायटा बघता बघता सगळ्यांना होतो. ज्याचा गुडघा सुजलाय तो सूज लपवतो, त्याला जिना चढायला लावून पकडायचं. 'पावडर कुठली देऊ?' असं विचारणाऱ्या मामाला शेंगदाणे, दूध आणि झोप यांचं महत्त्व पटवायचं. मामाला ते पटत नाही, कारण त्याला डबा दिसायला हवा असतो. आणि विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलं की वजनकाट्यापाशी उभं राहून भांडायचं. पंचांशी नाही, आपल्याच पोरांशी.

हे शेवटचं जरा समजावून सांगतो. कुस्ती दोन प्रकारची, मातीवरची आणि गादीवरची. गादी म्हणजे मॅट. गादीवर वजनगट असतात, घड्याळ असतं, गुण असतात. ज्याला आपल्या वजनात जिंकायची खात्री नसते तो खालच्या गटात घुसायला बघतो. मग आदल्या दिवशी पाणी बंद, अंगात दोन स्वेटर, वर रेनकोट आणि भर उन्हात पळणं. वजनाच्या दिवशी थुंकत बसतात, तेवढाच थेंब कमी. सोमनाथ नावाचा माझा एक मुलगा असाच भिंतीला टेकून थुंकत बसला होता. ओठ पांढरे, डोळे आत गेलेले. मी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि समोर उभं राहून प्यायला लावली. तो वरच्या गटात खेळला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याचे वडील मला एसटी स्टँडवर भेटले.

"सर, तुमच्या तत्त्वानं माझ्या पोराचं वरीस गेलं."

मी म्हणालो, "मूत्रपिंडं तरी राहिली ना?"

"मूत्रपिंडाला पोलीस भरतीत मार्क न्हाईत, सर. पदकाला हायेत."

सोमनाथचं ते वर्ष मनाला लागून आहे. पण बाटली मी आजही देतो.

तत्त्वाचं खूळ मला घरातून मिळालं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी दंड-बैठका मारल्या नव्हत्या. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून, वडील नगरमध्ये शाळामास्तर आणि उरलेला वेळ चळवळीत. घरात भांडी कमी आणि पत्रकं जास्त. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, रोजगार हमीच्या कामावरच्या अन्यायाविरुद्ध. पत्रकांच्या घड्या घालता घालताच मला अक्षरओळख झाली. मी पहिला शब्द वाचला तो 'बंधू-भगिनींनो'. अशा घरातला मुलगा शेजारच्या तालमीत जायला लागला तेव्हा आईला काळजी वाटली, बाबांना आनंद झाला. "तालमीत कुणी जात विचारत नाही," ते म्हणाले. ते खरं होतं. लंगोटावर सगळे सारखे दिसतात. बाई मात्र तिथं दिसतच नव्हती, आणि हे लक्षात यायला मला स्वतः शिकवायला लागावं लागलं.

आमचं कॉलेज कर्जत तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथं अजून राहायचं आहे आणि भांडायचंही आहे. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे शिकवलं तर मास्तर, सुट्टी लागली तर कुणीच नाही. कॉलेजला कुस्तीची गादी मिळाली तेव्हा ती अंथरायला जागा नव्हती. म्हणून ती अंथरली गावच्या तालमीला लागून ग्रामपंचायतीनं बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तालमीत मातीचा हौद, हौदासमोर मारुती. शेडमध्ये मारुती नाही. पण दोन्हींचं आवार एक, फाटक एक. त्यामुळे शेडलाही तालमीचाच नियम लागला: बाईमाणसानं आत यायचं नाही.

आता बघा. गादी कॉलेजची. शेड लोकांच्या पैशाचं. आणि कॉलेजच्या चार कुस्तीगीर मुली सराव करत होत्या ग्रंथालयामागच्या खोलीत, वसतिगृहातली झोपायची जुनी अंथरुणं एकाला एक जोडून. अंथरुणं सरकायची, मध्ये फट पडायची. त्या फटीत पाय जाऊन पूजा नावाच्या मुलीचं बोट मोडलं.

मी ग्रामसभेत विषय मांडला. ग्रामसभा म्हटलं की लोक हिवरे बाजारचं नाव घेतात. आमच्या ग्रामसभेत माझा विषय आला तेव्हा निम्मी माणसं चहाला उठली. राहिलेल्यांत किसन वस्ताद होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, तालमीच्या चाव्या त्यांच्या करदोट्याला. ते एवढंच म्हणाले, "सर, तुमी पुस्तकं वाचून वाढला. आमी मारुतीफुडं वाढलो." विषय संपला.

त्या चौघींतली ऋतुजा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. वडील दुधाचा टेम्पो चालवतात. लहानपणापासून पहाटे त्यांच्याबरोबर कॅन चढवून-उतरवून तिचे खांदे असे तयार झाले होते की मला ते तयार करावे लागले नाहीत. तिच्या खेळात घाई होती, बाकी काही कमी नव्हतं.

यात्रा महिन्यावर आली असताना दत्ताभाऊंनी मला हॉटेलात बोलावून घेतलं. दत्ताभाऊ यात्रा कमिटीचे अध्यक्ष, यात्रेतला कुस्त्यांचा फड तेच भरवतात. पांढरे कपडे, दोन मोबाईल, गावात कुणाचंही काम अडलं की धावणारा माणूस. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं वाचून त्यांना कुणी खलनायक समजू नये.

"सर, यंदा फडात पोरीची कुस्ती घ्यायची."

"घ्या की."

"पोराबरूबर."

मी कप खाली ठेवला. "कोणता पोरगा?"

"तुमच्याच कॉलेजचा विशाल. त्याला इचारलंय, तयार हाय. ऋतुजानं थोडा वेळ खेळायचं, मंग त्याला उचलायचा आन्‌ टाकायचा. त्यो पडंल. समदी बायामाणसं बघायला येतील. व्हिडिओ लई चालंल, सर. लेकीबाळींचा मान, समदं त्यात आलं."

"म्हणजे नुरा."

"नुरा कशाला म्हनता. जत्रा हाय, करमनूक हाय." मग ते पुढं वाकले. "आन्‌ दुसऱ्या दिवसापासून शेडाचं फाटक पोरींना उघडं. रोज सकाळी. फडातच माईकवर जाहीर करतो. वस्तादांचं काय करायचं ते मी बघतो."

आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. बाहेरच्या माणसाला ती ओळखू येत नाही, आम्हाला येते. खरोखर पडणारा पैलवान पडेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे बघत असतो. नुरात पडणारा आधी जमीन बघून घेतो. गावोगावच्या यात्रांत नुरा खेळल्या जातात, बक्षिसं वाटून घेतली जातात, आणि दोघांपैकी कुणालाच आपण किती पाण्यात आहोत ते कधी कळत नाही. माझ्या मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो: हरून या, मार खाऊन या, नुरा खेळून आलात तर परत येऊ नका.

पण फाटक. ते फाटक मला हवं होतं.

प्राचार्य म्हणाले, "संधी आलीय, सोडू नका." विशाल स्वतः येऊन म्हणाला, "सर, मी पडतो की. आपल्याच पोरींसाठी पडायचंय, लाज कसली?" त्याच्या मनात खोट नव्हती. शेवटी मी बाबांना फोन केला. मला वाटलं, ते तरी चिडतील.

"फाटक उघडतंय ना?" बाबांनी विचारलं.

"उघडतंय. पण खोट्या कुस्तीवर."

"अरे, पत्रकं वाटून वाटून मी म्हातारा झालो. एक फाटक उघडलं नाही. पाड त्या विशालला."

मला बाबांचा राग आला, आणि रागात मी घराण्याची विद्या बाहेर काढली. पत्रक लिहिलं. 'बंधू-भगिनींनो' पासून सुरुवात केली. लोकांच्या पैशाच्या शेडमध्ये जाण्यासाठी मुलींनी तमाशा का करून दाखवावा, असा सवाल केला. शेवटी कमिटीचा निषेध. दुसऱ्या दिवशी ते मी ग्रंथालयामागच्या खोलीत चौघींना वाचून दाखवलं.

ऋतुजा ऐकून घेऊन म्हणाली, "चांगलं झालंय, सर."

"पण?"

"पण ह्याच्यात माझं नाव हाय, आन्‌ मला कुनी इचारल्यालं न्हाई. दत्ताभाऊंनी बी न्हाई, तुमी बी न्हाई."

मी कागद घडी करून खिशात घातला. "बरं. विचारतो. काय करायचं?"

पूजा मध्येच म्हणाली, "कर की गं. थोडा वेळ नाटक करायचं. माझी उरलेली बोटं तरी वाचतील." तिच्या बोटाला अजून पट्टी होती, आणि ती थट्टा करत नव्हती.

ऋतुजा बराच वेळ अंथरुणाचा सुटलेला दोरा ओढत बसली. मग म्हणाली, "सर, ह्या विशाल्याला मी हितं सरावात पाडलंय. खरं पाडलंय, तुमी बघितलंय. जत्रंत त्याला खोटं पाडलं, की हे खरं बी खोटंच धरतील. फुडं मी कुनालाबी पाडू द्या, लोक म्हनतील, ठरलं असंल."

"मग नाही म्हणून सांगू?"

"न्हाई कशाला? कुस्ती घ्या म्हनावं. पोरीबरूबर घ्या. मनीषाला बोलवा."

मनीषा अकोले तालुक्यातली, राजूरजवळच्या एका डोंगरवाडीतली. शिकायला नगरच्या कॉलेजात. विद्यापीठाच्या स्पर्धेत तिनं ऋतुजाला गुणांवर अक्षरशः धुऊन काढलं होतं.

"ती तुला पाडेल."

"पाडू द्या. ठरवून तर न्हाई पाडायची."

संध्याकाळी मी तालमीच्या फाटकापाशी दत्ताभाऊंना गाठलं. कट्ट्यावर किसन वस्ताद तंबाखू मळत बसले होते. मी मुलीची अट सांगितली. दत्ताभाऊ माझ्याकडे, मी जसा पोरांच्या सुजल्या गुडघ्याकडे बघतो तसे बघत राहिले.

"सर, फुकट मिळतंय ते तुमाला नको, आन्‌ हारायचं तेवढं पायजे?"

"खरी कुस्ती पाहिजे."

"बरं. बोलवतो तिला. पन मंग माझा शब्द बदलला. ऋतुजा जितली तर शेड. हारली तर हा इषय पुन्यांदा काढायचा न्हाई. ग्रामसभेत बी न्हाई."

माझ्या डोक्यात सणक गेली. लोकांच्या शेडमध्ये पाऊल टाकायला कुस्ती जिंकावी लागते, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? मुलांपैकी कोण जिंकून आत आला? हे सगळं मी बोललो, मोठ्यानं बोललो. दत्ताभाऊ शांतपणे म्हणाले, "कायदा तुमचा बरूबर हाय. पन फाटक हितं हाय." मी ऋतुजाला फोन लावला. ती म्हणाली, "हो म्हना." मी हो म्हणालो. वस्तादांनी तंबाखू तोंडात टाकली आणि दुसरीकडे बघितलं.

पुढचे दिवस आम्ही तयारीत घातले. अडचण वेगळीच निघाली. यात्रेची कुस्ती मातीवर, आणि ऋतुजा मातीवर कधी उभीच राहिली नव्हती. हौद बंद, मग माती आणायची कुठून? गादीवर पाय घट्ट बसतो, मातीत रुततो, सरकतो. पटाला, म्हणजे समोरचीचा पाय धरून पाडायला, वाकलं की माती डोळ्यांत जाते. तिच्या वडिलांनी ते ऐकलं आणि एक दिवस दुधाच्या कॅनऐवजी टेम्पोत तांबडी माती भरून आणली. गोठ्यामागं ओतली, चाळली, त्यात ताक, तेल आणि हळद कालवली. मी विचारलं, "कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. इचारून घेतलं. कुस्तीतलं मला काय कळत न्हाई, सर. माती कळती."

तिथं आम्ही रोज घाम गाळला. विशाल तिच्याशी लढायला यायचा आणि खरं लढायचा. मी एकच गोष्ट घोकत होतो: घाई नको. समोरची दमेपर्यंत थांब, मग हात घाल. तिला ते समजत होतं. अंगात उतरत नव्हतं. हे काम असंच असतं. माणसाच्या डोक्यात जे एका वाक्यात जातं, ते अंगात जायला वर्ष लागतं, आणि आमच्याकडे वर्ष नव्हतं.

यात्रेच्या दिवशी दुपार कलली तसा फड भरला. फड गावाबाहेरच्या रानात. गंमत बघा, परवापर्यंत ते शेत होतं म्हणून तिथल्या मातीत बाई चालते. हलगी घुमत होती, निवेदक माईकवर ओरडत होता. बाया पहिल्यांदाच एवढ्या आल्या होत्या. त्या गर्दीत न बसता टेम्पोंच्या टपांवर आणि ट्रॉल्यांत उभ्या होत्या. पंच होते किसन वस्ताद. गावात तो मान दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

दोघी आत आल्या तेव्हा लोक हसायला आलेले होते, आणि हसले. "बांगड्या संभाळून गं," एक जण ओरडला. दोघींच्या हातांत बांगड्या नव्हत्या. त्यांनी माती उचलून एकमेकींच्या हातावर टाकली, वस्तादांनी हात मिळवून दिले आणि कुस्ती लागली.

मातीत घड्याळ नसतं. दोन्ही खांदे जमिनीला लागेपर्यंत लढायचं. मनीषा उंच, हातानं लांब, डोंगर चढून घट्ट झालेल्या मांड्या. ती मान दाबायची आणि वाट बघायची. ऋतुजानं त्या दिवशी माझं ऐकलं. तिनंही वाट बघितली. मनीषानं पट काढायचा प्रयत्न केला, ऋतुजानं पाय मागं टाकून तो मोडला. ऋतुजा तिच्या पाठीमागं गेली, मनीषा हातापायांवर बसली आणि हलेना. पुन्हा उभ्या, पुन्हा मानेला मान. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मग हलगीवाल्यानंही हात आवरता घेतला, कारण लोकांना श्वास ऐकायचे होते.

वेळ इतका गेला की पुढच्या कुस्त्यांचे पैलवान कडेला उठून उभे राहिले. तेव्हा दत्ताभाऊ माझ्याजवळ येऊन बसले.

"सर, बरोबरीत सोडवू."

फडाची ही जुनी रीत आहे. कुस्ती फार लांबली की पंच दोघांना सोडवतात, दोघांचेही हात वर करतात. दोन्ही गावांचा मान राहतो. त्यासाठी पंच दोन्ही बाजूंच्या वस्तादांकडे बघतो. त्यांनी मान हलवली की कुस्ती सुटली.

"बरोबरी म्हंजी हार न्हाई," दत्ताभाऊ कानाशी म्हणाले. "शेड दिलं तुमाला. माईकवर सांगतो. मनीषाच्या सरांनी मान हलवली बी. तुमची ऱ्हायली."

मी पलीकडे पाहिलं. मनीषाचे सर माझ्याकडे बघत होते. किसन वस्ताद दोघींच्या शेजारी वाकून उभे होते, सोडवायला हात तयार. ही नुरा नव्हती. दोघी खऱ्या लढल्या होत्या. बरोबरी रीतीला धरून होती, कुणालाही तोंड लपवावं लागलं नसतं. मी मान हलवली असती की चार मुलींना फाटक मिळणार होतं, पूजाला सपाट गादी मिळणार होती. माझ्या तत्त्वांत याच्या विरोधात काही सापडेना. मी शोधत होतो, तरी सापडेना.

तेवढ्यात ऋतुजानं मनीषाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी दत्ताभाऊ बसलेले पाहिले. तिला सगळं समजलं.

मला खूण करता येईना. मी ओरडून म्हणालो, "वस्ताद, तिलाच विचारा."

वस्तादांनी विचारलं, "सोडवू का गं?"

ऋतुजाला दम लागला होता. शब्द तुटत आले. "सोडवू नका, वस्ताद. निकाल लावा."

वस्ताद मनीषाकडे वळले. "तुजं काय?"

"माजं बी त्येच."

वस्तादांनी हात मागं घेतले आणि बाजूला झाले.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. ऋतुजा डावा पाय धरून एकेरी पट काढायला गेली. जोर पूर्ण होता, पण डोकं खाली गेलं. मनीषा तिच्या पाठीवर आली, मागं जाऊन ताबा घेतला, आणि घिस्सा मारून तिला उलटं केलं. ऋतुजानं मानेवर पूल बांधला. कितीतरी वेळ ती मानेवर उभी होती, टपांवरच्या बाया काहीतरी ओरडत होत्या. मग एक खांदा टेकला आणि दुसरा टेकला.

वस्तादांनी मनीषाचा हात वर केला. ऋतुजा उठली, फडाची माती कपाळाला लावली आणि बाहेर आली. दत्ताभाऊंनी माईकवर दोघींचं तोंडभरून कौतुक केलं. मग माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "ठरलं हुतं, सर." त्यात उपहास नव्हता. त्यांनाही वाईट वाटलं असावं. मी म्हणालो, "ठरलं होतं."

ऋतुजा टेम्पोच्या मागं जाऊन रडली. वडिलांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तिच्या पाठीवरची माती झटकली. मग तिनं तोंड धुतलं आणि मनीषाबरोबर भेळ खायला गेली. मी बाबांना फोन केला.

"हरलो, बाबा."

ते म्हणाले, "पत्रक काढायचं का?"

"नको."

"बरं," ते म्हणाले. "खरी झाली ना कुस्ती?"

"खरी झाली."

"मग हरलो काय म्हणतोस," ते म्हणाले आणि फोन ठेवला. पण आम्ही हरलोच होतो. मला या बाबतीत गोड बोलणं आवडत नाही. हरणं म्हणजे फाटक बंद, आणि माझं तोंडही बंद. शब्द दिला होता, तो पाळणं भाग होतं. बाटली हातात देताना जे तत्त्व सोपं वाटतं, ते असं आपल्याच अंगावर आलं की जड असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलांच्या सरावाला गेलो तर फाटकाबाहेर ऋतुजा उभी होती. अंगावर सरावाचे कपडे, मान आखडलेली. मागं पूजा आणि बाकीच्या दोघी.

"इथं काय करताय?" मी विचारलं.

"बघायला आलोय."

"ऋतुजा, शब्द दिलाय."

"आत न जायचा दिलाय. भायेर हुबं ऱ्हायचा न्हाई दिला. पोरं काय करत्यात ते हितनं दिसतंय. रोज येनार हाय."

मुलं फाटकातून आत जाताना त्यांच्याकडे बघत होती. विशाल आत जाईना. तोही बाहेरच थांबला. तेवढ्यात किसन वस्ताद आले, चावी काढली, शेडचं कुलूप उघडलं आणि वळून म्हणाले, "काल कोन हारलं?"

ऋतुजा पुढं येऊन म्हणाली, "मी."

"मंग भायेर का हुबी?"

मी म्हणालो, "वस्ताद, अध्यक्षांशी ठरलं होतं. जिंकली तरच."

"अध्यक्षांनी शब्द दिला, तुमी घेतला. मला कुनी इचारलं हुतं?" वस्ताद म्हणाले. "जितली आसती तर म्हनलो आसतो, हिला तालमीची काय गरज हाय. हारलीया. हारल्याल्या पैलवानाला भायेर हुबं करायची रीत आमच्यात न्हाई." मग त्यांनी हौदाकडे बोट केलं. "पन शेडात. हौदात न्हाई. तिकडं पाय टाकायचा न्हाई."

हौदाचं भांडण अजून संपलेलं नाही. मी ते सोडलेलं नाही, वस्तादांनीही नाही. आम्ही दोघं आठवड्यातून एकदा तरी त्यावरून भांडतो, आणि ज्या दिवशी वस्ताद हरतील त्या दिवशीची मी वाट बघतो आहे. दत्ताभाऊ सुरुवातीला माझ्याशी बोलत नव्हते, आता बोलतात. हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी चौघी आत आल्या. चपला बाहेर काढल्या, गादीच्या कडेला उभ्या राहिल्या. कुणाला काय करावं सुचेना, मलाही नाही. वस्ताद भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनी विशालला गादीच्या मध्ये उभं केलं.

"काल पटाला गेलीस तवा डोकं कुठं हुतं?"

"खाली," ऋतुजा म्हणाली.

"कुठं पायजे?"

"वर. छातीला लावून."

"मंग लाव. ह्याचा पट काढ. खरा काढ. मी थांब म्हनंस्तवर काढ."

तिनं पट काढला. विशाल पडला. "डोकं," वस्ताद म्हणाले. तिनं पुन्हा काढला. "डोकं." पुन्हा. पूजा आणि बाकीच्या दोघी हळूहळू गादीवर आल्या आणि एकमेकींचे पट काढू लागल्या. पत्र्यावर ऊन आलं. विशालच्या कपाळावरून घाम गळत होता, ऋतुजाची आखडलेली मान लाल झाली होती. तिकडे कॉलेजची पहिली घंटा झाली. वस्तादांनी अजून थांब म्हटलं नव्हतं.